क्लच दाबला की थरथर थांबते, ती का?

जुनी स्पोर्ट्स कार घेतलेला माणूस थोड्याच दिवसांत हा प्रश्न घेऊन गॅरेजमध्ये येतो: ‘न्यूट्रलमध्ये गाडी थरथरते, खालून खडखड येते. क्लच दाबला की सगळं शांत. म्हणजे क्लचच गेला ना?’ मिस्त्रीही पुष्कळदा होकार देतो. गाडी वर चढते, नवी क्लच प्लेट बसते, मोठं बिल होतं आणि थरथर जिथल्या तिथे राहते.

क्लच दाबल्यावर नेमकं काय होतं ते आधी पाहू. इंजिनाचा पुढच्या भागांशी असलेला संबंध तुटतो. त्या पुढच्या भागांत क्लच प्लेट आहे, तिच्यात अडकलेला दांडा आहे, दांड्याची बेअरिंग आहेत आणि गिअरबॉक्सचे दातही आहेत. पेडल दाबलं की हे सगळे एकदम शांत होतात. त्यामुळे ‘क्लच दाबल्यावर थांबतं’ एवढ्यावरून दोष कोणत्या भागांत शोधायचा ते कळतं, पण त्यातला नेमका दोषी कोण ते कळत नाही. या प्रकरणात आपण तो शोध पायरीपायरीने घेणार आहोत. गाडी न उघडता करता येतील तेवढ्या परीक्षा आधी करू आणि पाने हातात नंतर घेऊ.

१. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे

उदाहरणाला पोर्शे ९४४ घेऊ. ही गाडी १९८१ साली लोकांपुढे आली आणि १९९१ पर्यंत बनत राहिली. तिची जुळणी जर्मनीतल्या नेकारझुल्म इथल्या ऑडीच्या कारखान्यात होत असे. पुढे २,४७९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन होतं, युरोपातल्या गाड्यांत १६३ अश्वशक्तीचं. गिअरबॉक्स मात्र इंजिनाला जोडलेला नव्हता. वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळजवळ सारखं पडावं म्हणून तो मागे, डिफरन्शियलबरोबर एकत्र बसवला होता.

मग इंजिनाची ताकद मागे पोचते कशी? गाडीच्या पोटाखालून एक जाड नळी जाते. तिच्या आत बेअरिंगवर फिरणारा एक लांब, बारीक पोलादी दांडा असतो. या जोडीला टॉर्क ट्यूब म्हणतात. क्लच आणि फ्लायव्हील नळीच्या पुढच्या टोकाला, इंजिनाच्या पाठीशी आहेत.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे, कारण पुढचं सगळं निदान तिच्यावर उभं आहे. मागची चाकं ओढणाऱ्या साध्या गाडीत चाकांकडे जाणारा लांब दांडा गिअरबॉक्सच्या नंतर येतो, त्यामुळे गाडी उभी असली की तोही थांबलेला असतो. ९४४ मध्ये तो गिअरबॉक्सच्या आधी आहे. गाडी सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी आहे आणि पाय पेडलवर नाही, तरी हा दांडा इंजिनाच्या गतीने फिरत असतो. त्याची बेअरिंग झिजली तर आवाज आणि थरथर उभ्या गाडीत येते आणि क्लच दाबला की ओसरते. खरा दोष गाडीच्या मधोमध असतो आणि संशय मात्र पुढच्या टोकाच्या क्लचवर जातो.

या चुकीची किंमतही मोठी आहे. ९४४ च्या क्लचपर्यंत पोचायला एक्झॉस्टची नळी काढावी लागते. मागच्या चाकांचे दांडे सोडवावे लागतात, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, टॉर्क ट्यूब मागे सरकवावी लागते, मग क्लचभोवतीचं आवरण, म्हणजे बेलहाउसिंग, उघडतं. क्लच प्लेटच्या किमतीपेक्षा मजुरी सहज जास्त होते. म्हणून माझं ठाम मत आहे की या गाडीत निदानावर घालवलेली दुपार कधीच वाया जात नाही.

२. फ्लायव्हील मुळात कशासाठी?

घरात जातं पाहिलं असेल त्यांना हे सांगायला फार शब्द लागणार नाहीत. दळणारी बाई खुंट्याला जोर देते तो फेऱ्याच्या एका भागात. उरलेल्या भागात वरची जड तळी स्वतःच्या वजनाने फिरत राहते आणि पीठ एकसारखं पडतं. तळी हलकी असती तर प्रत्येक फेऱ्यात जातं अडखळलं असतं.

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टला दर अर्ध्या फेऱ्याला एक जोराचा धक्का मिळतो, म्हणजे एका फेऱ्यात दोन. मधल्या वेळात दुसऱ्या सिलिंडरमधली हवा दाबण्यासाठी उलट ताकदच खर्च होते. इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांवर शांत चालू आहे असं धरू. म्हणजे सेकंदाला १५ फेरे आणि ३० धक्के. प्रत्येक धक्क्याला क्रँकशाफ्ट किंचित पुढे झेपावतो आणि किंचित मंदावतो. फ्लायव्हीलची जड चकती हा चढउतार कमी करते.

कमी करते, पण संपवत नाही. उरलेला चढउतार क्लचमधून पुढे जातो, लांब दांड्याला पीळ देतो आणि गिअरबॉक्समधले ज्यांच्यावर भार नाही ते दात एकमेकांवर आपटत राहतात. न्यूट्रलमधली बारीक खडखड पुष्कळदा हीच असते. क्लच दाबला की गिअरबॉक्सपर्यंत चढउतार पोचत नाही, म्हणून ती थांबते. ती हलकी असेल, वर्षानुवर्षं तेवढीच असेल आणि रेस थोडी वाढवली की जात असेल, तर तिच्यासाठी काही उघडायची गरज नाही.

३. फिरणाऱ्या भागांचे तीन गट

आता गाडीतल्या फिरणाऱ्या सगळ्या भागांची विभागणी करू.

पहिला गट इंजिनाबरोबर कायम फिरतो: क्रँकशाफ्ट, बॅलन्स शाफ्ट, फ्लायव्हील आणि फ्लायव्हीलला बोल्टने आवळलेली, क्लच प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पेडल दाबा की सोडा, यांना फरक पडत नाही. दुसरा गट पेडल सोडलेलं असेल तेव्हाच इंजिनाबरोबर फिरतो: क्लच प्लेट, टॉर्क ट्यूबमधला दांडा, गिअरबॉक्सचा पहिला शाफ्ट. तिसरा गट चाकांबरोबर फिरतो: गिअरबॉक्सचा चाकांकडचा भाग, डिफरन्शियल, चाकांचे दांडे आणि चाकं.

पहिली परीक्षा उभ्या गाडीत करायची. इंजिन चांगलं तापू द्या, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. ९०० फेऱ्यांपासून हळूहळू ४,००० पर्यंत न्या आणि थरथर कुठे सुरू होते, कुठे सगळ्यात जास्त होते, कुठे मावळते ते वहीत लिहा. मग थरथर सगळ्यात जास्त होती त्याच आकड्यावर रेस धरून क्लच पूर्ण दाबा. थरथर गेली तर दुसरा गट, राहिली तर पहिला. क्लच दाबल्यावरच नवा आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग पाहायचं. पेडलच्या दाबाने प्रेशर प्लेटच्या पाकळ्या ढकलणारं हे बेअरिंग भाराखाली येतं ते तेव्हाच.

उभ्या गाडीत काहीच जाणवत नसेल तर दुसरी परीक्षा रस्त्यावर. मोकळ्या, सपाट रस्त्यावर समजा ताशी ९० किलोमीटरला थरथर येते. वेग तोच ठेवून एक गिअर खाली घ्या. चाकांची गती बदलली नाही, पण इंजिनाचे फेरे वाढले. थरथर होती तशीच राहिली तर दोष तिसऱ्या गटात आहे, म्हणजे चाकांचं बॅलन्सिंग, टायर, चाकांचे दांडे. तिचं रूप बदललं किंवा ती गेली तर ती इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेली आहे.

या दोन परीक्षांना पैसा लागत नाही. तरीही त्या टाळल्या जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

४. सेकंदाला किती वेळा?

थरथरीची गती हाही मोठा पुरावा असतो आणि तिचा हिशेब शाळेतल्या गणिताएवढाच आहे.

९४४ च्या टायरचा घेर साधारण २ मीटर धरू. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. चाक सेकंदाला साडेबारा वेळा फिरतं. चाकाचा तोल गेला असेल तर स्टिअरिंग तेवढ्याच वेळा हलेल. हा हादरा हाताला सुटा सुटा कळतो.

त्याच वेळी इंजिन ३,००० फेऱ्यांवर असेल तर ते सेकंदाला ५० वेळा फिरतं. फ्लायव्हीलचा किंवा प्रेशर प्लेटचा तोल गेला असेल तर प्रत्येक फेऱ्यात एक धक्का, म्हणजे सेकंदाला ५०. हे धक्के सुटे जाणवत नाहीत. सीटमधून आणि पायाखालच्या पत्र्यातून एक जाड गुणगुण येते.

चार सिलिंडरच्या इंजिनाला एका फेऱ्यात दोन वेळा येणारी एक जन्मजात थरथरही असते. ३,००० फेऱ्यांवर ती सेकंदाला १००. तिचा सूर बारीक असतो. आरसा धूसर दिसायला लागतो, डॅशबोर्ड झिणझिणतो. फ्लायव्हीलच्या दोषापासून ती वेगळी ओळखता आली तर निम्मं काम झालं.

५. पहिला संशयित: बॅलन्स शाफ्ट

ही जन्मजात थरथर येते कुठून? पिस्टन वरून खाली आणि खालून वर सारख्याच चालीने जातो असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. कनेक्टिंग रॉड तिरका होतो, त्यामुळे वरच्या अर्ध्या भागात पिस्टन जास्त घाईने जातो. ९४४ मध्ये पिस्टनची एकूण धाव ७८.९ मिलिमीटर आहे. रॉडची लांबी १५० मिलिमीटर धरून हिशेब केला, तर क्रँक पाव फेरा फिरेपर्यंत पिस्टन ३९.५ नव्हे, सुमारे ४४.७ मिलिमीटर खाली आलेला असतो. पुढच्या पाव फेऱ्यात त्याला उरलेले ३४ मिलिमीटरच कापायचे असतात. चार सिलिंडरांत दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, तरी ही असमान चाल एकमेकांना खोडत नाही. चारही मिळून इंजिनाला दर फेऱ्यात दोनदा वरखाली हलवतात. सिलिंडर जितके मोठे तितका हा हादरा मोठा. ९४४ चं इंजिन पोर्शे ९२८ च्या व्ही-८ इंजिनाच्या अर्ध्या भागाच्या कल्पनेवर बेतलेलं होतं. सिलिंडरचा व्यास १०० मिलिमीटर, म्हणजे चार सिलिंडरच्या मानाने दांडगा.

यावरचा उपाय इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच शोधला होता. इंजिनात मुद्दाम एका बाजूला जड केलेले दोन शाफ्ट बसवायचे आणि ते क्रँकच्या दुप्पट गतीने, एकमेकांच्या उलट दिशेने फिरवायचे. इंजिन वर हलू पाहील तेव्हा शाफ्टची वजनं खाली ओढतील. सत्तरच्या दशकात जपानच्या मित्सुबिशीने हे दोन शाफ्ट वेगवेगळ्या उंचीवर बसवून ती रचना सुधारली आणि तिची पेटंट घेतली. पोर्शेने ९४४ साठी मित्सुबिशीकडून परवाना घेतला. जगातल्या मोठ्या स्पोर्ट्स कार कंपनीने दुसऱ्याचा चांगला उपाय रीतसर पैसे देऊन घेतला, ही गोष्ट मला आवडते.

आता निदानाकडे. हे शाफ्ट दोन्ही बाजूंना दात असलेल्या एका पट्ट्यावर चालतात. पट्टा बदलताना खुणा जुळवाव्या लागतात. त्या चुकल्या तर इंजिन सुरू होतं, ताकदही पूर्ण देतं, फक्त थरथरतं. किती? समजा दोन्ही शाफ्ट २० अंशांनी चुकले. शाफ्टचा जोर तेवढाच आहे, पण वेळ चुकली. हिशेब केला तर मूळ हादऱ्याचा सुमारे ३५ टक्के भाग न खोडता उरतो. १८० अंशांनी चुकले तर खोडायच्या ऐवजी भर पडते आणि हादरा दुप्पट होतो. शाफ्ट मुळीच नसते तर परवडले असते, अशी अवस्था येते.

म्हणून माझा नियम असा: ९४४ मध्ये थरथर पहिल्या गटातली ठरली, सूर बारीक असला, फेरे वाढतील तशी ती झपाट्याने वाढत असली आणि मागच्या काही महिन्यांत पट्ट्याचं काम झालेलं असलं, तर क्लचकडे पाहायच्या आधी पुढचं झाकण काढून बॅलन्स शाफ्टच्या खुणा तपासायच्या. हे काम गिअरबॉक्स खाली न उतरवता होतं.

त्याच्या जोडीला इंजिन माउंटिंग पाहायची. ९४४ ची माउंटिंग द्रव भरलेली आहेत. उष्णतेने आणि वयाने ती फुटतात आणि इंजिन खाली बसतं. त्याची खूण उलटी: शांत चालताना थरथर जास्त, रेस वाढवली की कमी.

६. दुसरा संशयित: क्लच प्लेटमधलं रबर

क्लच प्लेटच्या मध्यभागी सहसा चार-सहा स्प्रिंग दिसतात. इंजिनाचा चढउतार त्या थोडा पचवतात. ९४४ च्या मूळ क्लच प्लेटमध्ये स्प्रिंगऐवजी रबराचा जाड भाग होता. लांब दांडा पीळ घेतो, सुटतो आणि गिअरबॉक्समध्ये खडखड करतो. रबर बरंच जास्त वळू शकतं, म्हणून ही खडखड त्याने चांगली दाबली जायची. कल्पना चांगली होती. पण रबराला वय असतं. वीस-तीस वर्षांत उष्णता आणि तेलाच्या वाफेने ते कडक होतं, चिरतं आणि शेवटी तुकडे होऊन सुटतं.

याची खूण ओळखायला सोपी आहे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये २,००० फेऱ्यांच्या आसपास चालताना अॅक्सिलरेटर सोडा, मग पुन्हा द्या. निरोगी गाडीत हलकासा फरक जाणवतो. रबर गेलेल्या गाडीत आधी काहीच घडत नाही, मग धातूवर धातू आपटल्याचा ‘ठक्’ असा आवाज येऊन गाडी ओढायला लागते. देताना एक ठोका, सोडताना एक. रबराचे तुकडे क्लचमध्ये अडकले तर पेडल पूर्ण दाबूनही गिअर पडताना खरखरतो. असा ठोका झिजलेल्या चाकांच्या दांड्यांतून किंवा गिअरबॉक्सच्या ढिल्या माउंटिंगमधूनही येऊ शकतो, म्हणून गाडी वर घेऊन तेही हाताने हलवून पाहायचे.

बदलताना बहुतेक जण आता स्प्रिंगवाली प्लेट बसवतात. ती टिकते. न्यूट्रलमधली खडखड मात्र थोडी वाढते आणि हे गाडीच्या मालकाला आधीच सांगून ठेवावं, नाहीतर तो नव्या क्लचसकट परत येतो.

दुसऱ्या गटातला उरलेला संशयित म्हणजे टॉर्क ट्यूबची बेअरिंग. त्यांचा आवाज घरघरता, फेऱ्यांबरोबर चढत जाणारा असतो आणि तो गाडीच्या मधोमध, गिअर लिव्हरच्या खालून येतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक नळीला आणि मूठ कानाला लावून ऐकणारे जुने मिस्त्री ही जागा अचूक दाखवतात. कंपनी ही नळी अख्खीच विकायची. आता अनुभवी कारागीर ती उघडून आतली बेअरिंग बदलून देतात.

७. गाडी उचलतानाचे गचके

काही थरथर फक्त हाफ क्लचवर येते. पहिल्या गिअरमध्ये किंवा रिव्हर्समध्ये पेडल सोडताना गाडी सेकंदाला दहा-वीस गचके देत पुढे जाते आणि क्लच पूर्ण पकडला की एकदम शांत होते. गॅरेजमध्ये याला ‘जडर’ म्हणतात. हा दोष घासणाऱ्या पृष्ठभागांचा आहे. क्लच प्लेट आणि फ्लायव्हील यांची पकड फेरा पूर्ण होईपर्यंत एकसारखी राहत नाही. कुठे धरते, कुठे सुटते.

सर्वांत जास्त वेळा कारण निघतं ते तेल. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं सील गळतं आणि तेल क्लच प्लेटवर येतं. तेल लागलेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत बसवण्याचा मोह टाळावा. तेल आत मुरलेलं असतं आणि तापल्यावर पुन्हा वर येतं.

दुसरं कारण फ्लायव्हीलवरचे जळके डाग. वारंवार क्लच घसरवला की काही ठिकाणी पृष्ठभाग प्रचंड तापून लगेच थंड होतो. ओतीव लोखंडाची घडण तिथे बदलते आणि ते आजूबाजूपेक्षा कितीतरी कठीण होतं. निळसर-काळे डाग दिसतात ते हेच. असं फ्लायव्हील लेथवर फिरवलं तर हत्यार कठीण डागावरून उसळतं आणि तिथे सूक्ष्म उंचवटा राहतो, काही दिवसांत गचके परत. म्हणून ते ग्राइंडिंगच्या दगडावरच घासून घ्यावं, आणि डाग खोल असतील तर बदलावं. प्रेशर प्लेट बसते तो काठ घासणाऱ्या भागापेक्षा वर-खाली असेल, तर एक बाजू जेवढी घासली तेवढीच दुसरीही घासावी लागते. नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब बदलतो.

तिसरं कारण फ्लायव्हील वाकडं फिरणं. डायल गेजचं टोक फ्लायव्हीलच्या काठाजवळ टेकवून इंजिन हाताने एक फेरा फिरवायचं. काटा सुमारे ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर शंका घ्यावी. पण मोजताना क्रँकशाफ्ट सतत एकाच बाजूला रेटून धरायचा. त्याला पुढेमागे सरकायला थोडी मोकळीक असतेच आणि ती मोकळीकच वाकडेपणा म्हणून मोजली जाते. पुष्कळदा तर फ्लायव्हीलच्या मागे अडकलेला गंज किंवा कचरा साफ केला की फ्लायव्हील सरळ होतं.

८. दहा ग्रॅमचं वजन

फ्लायव्हीलचा तोल गेला म्हणजे नक्की काय होतं, तेही आकड्यांत पाहू. समजा मध्यापासून १४ सेंटीमीटरवर एका बाजूला १० ग्रॅम वजन जास्त आहे. इंजिन ३,००० फेऱ्यांवर असताना ते वजन क्रँकशाफ्टला सुमारे १४० न्यूटन जोराने बाहेर ओढतं. म्हणजे साधारण १४ किलोचं ओझं, दर सेकंदाला ५० वेळा दिशा बदलत. ६,००० फेऱ्यांवर फेरे दुप्पट झाले तरी जोर चौपट होतो, ५६ किलोच्या आसपास.

एवढे १० ग्रॅम येतात कुठून? दुसऱ्याच मापाचा एखादा बोल्ट, वेगळ्या गाडीची प्रेशर प्लेट, हलकं करण्यासाठी मागून कोरलेलं फ्लायव्हील. किंवा सर्वांत साधं कारण: प्रेशर प्लेट काढताना तिची जागा खुणावली नाही आणि बसवताना ती फिरवून बसली. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट एकत्र बॅलन्स केलेली असतील तर तो तोल त्या जोडीच्या त्याच जागेपुरता असतो. म्हणून उघडण्याआधी दोन्हीवर एक आडवी खूण ओढायची. बोल्ट सोडताना आणि आवळताना समोरासमोरचे, थोडे थोडे.

इथे वाचकाला एक सांगायचं आहे. तक्रार घेऊन आलेल्या गाडीत फ्लायव्हील स्वतःहून तोल गमावून बसलेलं क्वचित सापडतं. ते धातूची एक चकती आहे, तिच्यात बिघडण्यासारखं फार काही नाही. त्याचा तोल गेला असेल तर बहुधा कुणाच्या तरी हाताने गेलेला असतो. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा: मागच्या वेळी हे कोणी, कधी आणि कशासाठी उघडलं होतं?

९. दोन चकत्यांचं फ्लायव्हील आणि हलकं फ्लायव्हील

१९८५ साली जर्मनीतल्या लूक या कंपनीने दोन चकत्यांचं फ्लायव्हील मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. एक चकती क्रँकशाफ्टला जोडलेली, दुसरी क्लचला, आणि दोन्हींच्या मध्ये स्प्रिंग. चढउतार गिअरबॉक्सपर्यंत पोचायच्या आधीच स्प्रिंगमध्ये जिरतो. ९४४ नंतर आलेल्या पोर्शे ९६८ मध्ये असंच फ्लायव्हील होतं. आपल्याकडच्या कित्येक डिझेल गाड्यांतही ते असतं.

त्याच सुमाराच्या पोर्शे ९११ च्या ९६४ या पिढीत सुरुवातीच्या गाड्यांना फ्रॉयडेनबर्ग कंपनीचं, रबराने कंप जिरवणारं दुहेरी फ्लायव्हील होतं. तिथेही रबर झिजून निकामी झालं, आणि नंतरच्या गाड्यांत लूकचं स्प्रिंगवालं आलं. दुहेरी फ्लायव्हीलची तपासणी वेगळी. क्लचकडची चकती हाताने दोन्ही दिशांना वळवून पाहायची, मग तिरकी डुलते का ते पाहायचं. किती वळावी आणि किती डुलावी याची हद्द प्रत्येक मॉडेलसाठी ठरलेली असते. त्याबाहेर गेलं तर ते बदलायचंच, घासून दुरुस्त होत नाही.

दुहेरी फ्लायव्हील महाग असतं, म्हणून पुष्कळ जण एकेरी, हलकं फ्लायव्हील बसवतात. रेस पटकन चढते, गाडी चपळ वाटते. पण फ्लायव्हीलची जडता निम्मी केली की शांत चालतानाचा चढउतार जवळजवळ दुप्पट होतो. पोर्शेने स्वतः ९६४ च्या आरएस या शर्यतीकडे झुकलेल्या गाडीत हलकं एकेरी फ्लायव्हील दिलं होतं, आणि न्यूट्रलमधली खडखड व सिग्नलला बंद पडण्याची खोड यांसाठी ती गाडी ओळखली जाते. ट्रॅकवर हा सौदा योग्य आहे. रोज रस्त्यावर चालवायच्या गाडीत मी तो कधीच सुचवणार नाही. थरथरीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला हलकं फ्लायव्हील विकणं म्हणजे त्याच्या दुखण्यात भर घालणं आहे.

१०. उघडलंच आहे तर

निदान पक्कं झालं आणि गाडी उघडली, की मजुरीचा मोठा भाग खर्च झालेला असतो. तेव्हा क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, दांड्याचं टोक आधार घेतं ते पायलट बेअरिंग, क्रँकशाफ्टचं मागचं सील, फ्लायव्हीलचे बोल्ट आणि रिलीज फोर्कच्या शाफ्टवरची बारीक सुयांची बेअरिंग एकाच वेळी नवी घालावीत. टॉर्क ट्यूब बाहेर आहे तर दांडा हाताने फिरवून पाहा. खरखर लागली, किंवा दांडा मध्ये डगमगला, तर आत्ताच काम करून घ्या.

जोडताना क्लच प्लेट मधोमध बसवायला आधाराचा दांडा वापरायचा. दांड्याच्या खाचांना ग्रीस अगदी थोडं. जास्त लावलं तर ते फेकलं जाऊन घासणाऱ्या पृष्ठभागावर जातं आणि मग नव्या क्लचलाच गचके येतात.

९४४ मध्ये आणखी एक काम राहतं. बेलहाउसिंगवर दोन सेन्सर असतात. एक फ्लायव्हीलचे दात मोजतो, दुसरा फ्लायव्हीलवरच्या एका स्क्रूवरून क्रँकची जागा ओळखतो. त्यांच्यात आणि फ्लायव्हीलमध्ये सुमारे ०.८ मिलिमीटर अंतर ठेवायचं असतं. फ्लायव्हील नवं किंवा घासलेलं असेल तर हे अंतर पुन्हा लावावं लागतं. दोन्हींचे प्लग सारखे दिसतात आणि अदलाबदल झाली तर स्टार्टर फिरतो पण इंजिन पेटत नाही. काढण्याआधी वायरवर चिठ्ठी बांधलेली बरी.

गाडी सुरू झाली की तिसऱ्या विभागातली उभ्या गाडीची परीक्षा त्याच आकड्यांवर पुन्हा करायची आणि जुन्या नोंदींशेजारी नव्या लिहायच्या. पहिले काहीशे किलोमीटर गाडी शहरात सौम्यपणे चालवायची. क्लच पूर्ण पकडेल आणि पूर्ण सुटेल असा वापरायचा आणि चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची नाही. या काळात हलके गचके आले तर घाबरू नये. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर बसायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतरही गचके राहिले तर आधी सीलपाशी तेल दिसतं का ते पाहायचं.